गिरणेत गोल्फ खेळणारा मधुकर

मधुकरकाका तुम्हाला कधी भेटले नाहीत, आणि त्यात तुमचे काही नुकसान झालेले नाही. परवा ईशानने फोनवर सांगितले, "आजी, मी गोल्फ शिकायला लागलो," आणि आजीला यातले काय कळणार असे धरून तो मला काठ्यांची नावे समजावू लागला. मी ऐकून घेतले. पण तो खेळ मला माहीत आहे. जळगाव जिल्ह्यात, गिरणेच्या कोरड्या पात्रात, ऐन वैशाखात तो खेळला गेलेला मी स्वतः पाहिला आहे. खेळाविषयी माझी तक्रार नाही. खेळणाऱ्याविषयी आहे, आणि ती एकदा नीट लिहून ठेवते.

मधुकर म्हणजे तुमच्या आजोबांचा आतेभाऊ. आजोबांच्या या आत्याला आम्ही सगळे अक्का म्हणायचो आणि तिच्या यजमानांना आबा. आबा भडगावला शाळामास्तर होते. त्यांना दोन मुले. थोरला मधुकर आणि धाकटी कुसुम. कुसुम लग्न होऊन धुळ्याला गेली आणि तिथे एका दवाखान्यात नर्स झाली. मधुकर मुंबईला चित्रकला शिकला, जाहिरातींच्या धंद्यात शिरला आणि ऐंशीच्या सुमारास दुबईला गेला. एवढे चरित्र पुरे. पुढचे चरित्र म्हणजे तो कोणाकोणाकडे जेवला याची यादी आहे.

तिकडे त्याला मॅक म्हणत. भडगावच्या मधुकरचा मॅक कसा झाला, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, क्लायंटच्या जिभेला त्रास नको." यात त्याला काही वावगे वाटत नव्हते. चहा, साबण, बिस्किटे यांना तो नावे देत असे, तसे त्याने स्वतःलाही एक दिले होते.

दर वर्षी सुट्टीत तो एक रात्र आमच्याकडे जळगावला थांबे. आधी अत्तराचा वास घरात येई, मग पांढरे बूट, मग तो. आमच्या घरी बूट बाहेर काढायची रीत होती. तो ते आत काढून खुर्चीखाली ठेवी, कारण ते इटलीचे होते. जेवायला बसला की त्याचा आठवडा सुरू व्हायचा. तिकडे सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी गच्चीवर मेजवानी, शुक्रवारी सकाळी गोल्फ, दुपारी कोणाच्या तरी बोटीवर, शनिवारी स्क्वॉश, सोमवारी टेनिस. मी एकदा विचारले, "मग काम कधी करतोस?"

"तेच तर काम आहे, वहिनी. माणसं जपायची."

"कशी जपतोस?"

त्याला प्रश्नातली खोच कळली नाही. त्याने आनंदाने खिशातून कार्डांचा एक जुडगा काढला. भेटलेल्या प्रत्येक माणसाचे एक कार्ड, आणि कार्डाच्या पाठीमागे बारीक अक्षरात त्या माणसाची माहिती. बायकोचे नाव, मुले किती, कुत्रा आहे का, कोणती दारू चालते, कशाचा विषय काढायचा नाही. "पुढच्या वेळी भेटलं की विचारायचं, काय, रस्टीचा पाय बरा आहे का? माणूस विरघळतो." रस्टी हा कुत्रा होता.

सकाळी तो भडगावच्या बसला गेल्यावर त्या जुडग्यातले एक कार्ड मला पलंगाखाली सापडले. ते तुमच्या आजोबांचे होते. मागे लिहिले होते: 'जळगाव. मामेभाऊ. बायको इंग्रजी शिकवते, प्रश्न विचारते. केळी. रात्रीची सोय.' मी ते दोनदा वाचले. त्यात चूक कुठेच नव्हती.

प्रवासही त्याने पुष्कळ केला. दर वर्षी स्लाइडचे डबे घेऊन येई आणि आमच्या भिंतीवर चादर लावून दाखवी. मनोऱ्यापुढे मधुकर, धबधब्यापुढे मधुकर, मशिदीपुढे मधुकर, बर्फात मधुकर. आजोबा एकदा म्हणाले, "जरा बाजूला सरकला असतास तर मागचं दिसलं असतं." तो म्हणाला, "मागचं काय, भाऊ, पोस्टकार्डावर मिळतं."

एका हिवाळ्यात त्याने ऑफिसातल्या डेरेक नावाच्या इंग्रजाला अजिंठा दाखवायला आणले. मला दुभाषी म्हणून बरोबर घेतले, म्हणजे त्याला इंग्रजी येत नव्हते असे नाही, अजिंठा येत नव्हता. डेरेक अबोल, उन्हाने भाजलेला, पन्नाशीचा माणूस होता. पहिल्याच लेण्यात त्याने विचारले, "ही गोष्ट कोणाची आहे?" मधुकरने भिंतीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, "वहिनी, सांग ना जरा." मी सांगू लागले तसा तो बाहेर गेला. आम्ही दोन तासांनी बाहेर आलो तेव्हा तो थंड पेयाच्या दुकानदाराला पाटी कशी रंगवावी हे समजावत बसला होता. परत येताना गाडीत म्हणाला, "दोन हजार वर्षं टिकलं, पण खाली नाव नाही टाकलं. जाहिरातीच्या दृष्टीनं वाया." डेरेक खिडकीबाहेर पाहत राहिला.

आता आबांचे सांगते. ते भर पावसाळ्यात गेले. दोन दिवस आधीपासून लक्षण ठीक नव्हते. आजोबांनी जळगावहून दुबईला ट्रंक कॉल लावला, तो त्याच्या ऑफिसात लागला आणि निरोप पोचला. मधुकर आला नाही. अग्नी तुमच्या आजोबांनी दिला, बायकोच्या भाच्याने. अक्का येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "विमान मिळालं नसेल. तिकडून रोज थोडंच असतं." तो बाराव्या दिवशी आला आणि चौदाव्या दिवशी गेला.

जाताना आमच्याकडे थांबला तेव्हा त्याने मला एक फोटो दाखवला. हातात चांदीचा कप, डोक्यावर पांढरी टोपी, मागे नुसती वाळू.

"हा कधीचा?" मी विचारले.

"त्याच आठवड्यातला. फायनल होती, मधे सोडणं शक्य नव्हतं. पण, वहिनी, तो कप मी आबांना अर्पण केला. भाषणात तसं म्हटलंसुद्धा. सगळे उभे राहिले."

मी फोटो परत दिला. अक्काला हे मी कधी सांगितले नाही.

तुम्ही आखाजी पाहिलेली नाही, म्हणून थोडे सांगावे लागेल. अक्षय तृतीयेला आपल्या खानदेशात आखाजी म्हणतात. दिवाळीला येणार नाहीत इतक्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. कुंभाराकडून नवी मातीची घागर आणायची, ती पाण्याने भरायची, तिच्यावर लहान मडके, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोरी. गोवरीच्या विस्तवावर घास टाकायचा. गेलेल्या माणसाच्या जागी एखाद्याला पितर म्हणून जेवायला बसवायचे. तो जेवल्याशिवाय घरात कोणी तोंडात पाणी घालत नाही. माणूस गेल्यानंतरची पहिली घागर मोठी मानतात आणि ती मुलाने भरायची असते.

अक्काने मधुकरला पत्र लिहिले. ते मी पोस्टात टाकले म्हणून मला ठाऊक आहे. त्यात एकच ओळ मुद्द्याची होती: 'अग्नी तुझ्या हातून झाला नाही, पाणी तरी दे.' वर्षभर तिने दुसरे काही मागितले नाही.

तो आला. डेरेकला घेऊन आला, आणि एक लांब कातडी पिशवी घेऊन आला, जिच्यातून काठ्यांची डोकी बाहेर आली होती. आम्ही आदल्या दिवशीच पोचलो होतो, कुसुम धुळ्याहून आली होती. अक्काला इतके बरे वाटले की पिशवीकडे तिने पाहिलेच नाही.

दुबईत तेव्हा गवताची मैदाने नव्हती म्हणे. वाळूतच खेळत. चटईएवढा हिरव्या प्लास्टिकच्या गवताचा तुकडा जवळ बाळगायचा, चेंडू त्यावर ठेवून मारायचा, मग तुकडा उचलून चेंडूमागे चालू लागायचे. भडगावला घरामागे गिरणेचे रुंद कोरडे पात्र पाहून मधुकर म्हणाला, "डेरेक, आपल्याला घर मिळालं." ज्या घरात तो जन्मला त्याविषयी हे वाक्य त्याने कधी म्हटले नव्हते.

त्या घरची एक रीत होती. नदीच्या वाळूत झिरा, म्हणजे पाझराच्या पाण्याचा खड्डा, खणलेला असे. सकाळी मुलाने घागरीवरचे ते लहान मडके घेऊन जायचे, झिऱ्याचे पाणी आणायचे आणि ते पहिले पाणी घागरीत ओतायचे. उरलेली घागर आडाच्या पाण्याने भरली तरी चालत असे. दहा मिनिटांचे काम. सहा वाजता अक्काने ते मडके मधुकरच्या हातात दिले. तो पांढरे बूट घालून, पिशवी खांद्याला लावून, डेरेकला घेऊन निघाला. "जाता जाता दोन फटके मारतो," म्हणाला.

नऊ वाजले. दहा वाजले. पुरण झाले, रस झाला. पितर म्हणून नाना आले होते. आबांचे शाळेतले मित्र, सत्तरीचे, सकाळपासून चहाही न घेतलेले. ते ओसरीवर पंख्याने वारा घेत म्हणाले, "मास्तर जिवंत होता तेव्हाही मला वेळेवर जेवू घालत नव्हता." सगळे हसले. अक्काही हसली, पण तिचे लक्ष मागच्या दाराकडे होते.

अकरा वाजता आजोबा आणि मी नदीवर गेलो. पात्रात डांगरांच्या वाड्या होत्या. पहिलीच वाडी सुकदेवची. तो आबांच्या हाताखाली शिकलेला. तो बांधावर उभाच होता.

"सकायपाईन हाईच चाली राहिनं, भाऊ," तो आजोबांना म्हणाला. "तीन डांगरं फुटनात. मी सांगं, आज आखाजी शे, घर जा. तर म्हने, थोडंच राहिनं."

"आणि मडकं?" मी विचारले.

सुकदेवने बोट दाखवले. दूर वाळूत एक काठी रोवली होती, तिला रुमाल बांधला होता.

जवळ गेल्यावर दिसले. कोरड्या वाळूत खड्डा टिकत नाही, कडा ढासळतात. म्हणून मधुकरने ते मडके गळ्यापर्यंत वाळूत पुरले होते. चेंडू त्यात टाकायचा होता. आम्ही बोलणार तोच त्याने बोट ओठावर ठेवून आम्हाला गप्प केले, वाकला आणि चेंडू हलकेच ढकलला. चेंडू मडक्याच्या काठावर आपटून बाजूला गेला.

"थोडक्यात हुकलं," तो म्हणाला. "भाऊ, आलोच. एकाच भोकावर अठरा वेळा खेळतोय, हे सतरावं. आणि गंमत बघ, नियमाप्रमाणे भोक सव्वाचार इंचाचं लागतं. मी मोजलं. हे तंतोतंत आहे."

डेरेक माझ्याजवळ आला. "ते भांडं कशाचं आहे?" त्याने हळूच विचारले. "मी सकाळी विचारलं तर मॅक म्हणाला, घरातलं जुनं आहे."

मी त्याला सांगितले कशाचे आहे, आणि कोण वाट पाहत आहे. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उकरून ते मडके बाहेर काढले. काठाचा एक टवका उडाला होता, आणि त्या टवक्यापासून खाली एक बारीक चीर गेली होती.

"अरेच्या," मधुकर म्हणाला. "काही हरकत नाही. कुंभाराकडून दुसरं आणू."

"आज आखाजी आहे," आजोबा म्हणाले. "कुंभाराकडे कालच काही उरलं नाही."

"मग हेच धुऊन घ्या. वर डांगर ठेवलं की कोणाला दिसतंय?"

 आजोबा रागावले की बोलत नसत, हे तुमच्या आईला विचारा. आम्ही ते मडके घेऊन निघालो. डेरेक आमच्याबरोबर निघाला. मधुकर म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी चेंडू गोळा करून येतो," आणि आम्ही काठावर पोचलो तेव्हा मागून पुन्हा फटक्याचा आवाज आला.

अक्का मागच्या दारात उभी होती. तिने मडके हातात घेतले, काठावरून बोट फिरवले, आतली वाळू पाहिली.

"हातातून पडलं का त्याच्या?" तिने विचारले.

ते तिने विचारले नव्हते, सुचवले होते. आजोबांनी माझ्याकडे पाहिले. 'हो' म्हटले असते तर सगळे निभावले असते. मधुकर आला असता, त्याने आडाचे पाणी ओतले असते, आणि अक्काने पुढच्या वर्षी पुन्हा पत्र लिहिले असते.

"नाही, अक्का," मी म्हटले. "वाळूत पुरलं होतं. चेंडू टाकायला."

 तिने मडके कोपऱ्यात उपडे ठेवले आणि कुसुमला म्हणाली, "हातपाय धुऊन ये. घागर तू भर."

"मी?" कुसुम म्हणाली. "दादा येईल ना आता."

अक्का आमच्याशी शुद्ध बोलायची. अहिराणी तिच्या तोंडी क्वचित यायची.

"बाप तुना बी व्हता," ती म्हणाली.

ओसरीवरून नानांनी अक्काला विचारले, "वहिनी, लेकीनं भरली तर चालते का?"

"माझ्या भाच्यानं अग्नी दिला तेव्हा हे कोणी विचारलं नाही, नाना."

 नाना काठी टेकत उठले. "मांडा पाट. मास्तरांना भूक लागली असेल."

कुसुमने आडातून पाणी शेंदले. मडक्याच्या जागी अक्काने आबांचा तांब्या ठेवायला दिला, वर सुकदेवने आणलेले डांगर. पाणी सांडले नाही. तिने उंबरठ्यावर कुंकवाचे बोट लावून आबांचे नाव घेतले, विस्तवावर घास ठेवला. धूर सरळ वर गेला. डेरेक अंगणात उन्हातच उभा होता. त्याला सावलीत ये म्हटले तरी आला नाही.

मधुकर आला तेव्हा नाना अर्धे जेवले होते.

"झालं वाटतं," तो म्हणाला. "कोणी भरली?"

"तुझ्या बापाच्या लेकरानं," अक्का म्हणाली.

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. मला वाटले होते, काहीतरी दिसेल. दिसली ती सुटका. शाळा लवकर सुटल्यावर पोरांच्या तोंडावर दिसते तशी. "छान," तो म्हणाला, "म्हणजे मी मोकळा."

"हो," अक्का म्हणाली. "मोकळा." मग मला म्हणाली, "पाव्हण्यांना वाढ. दोघांना."

तो डेरेकशेजारी बसला आणि पोटभर जेवला. पुरणाच्या मांड्यांची तारीफ केली.

संध्याकाळी मला एकटीला गाठून म्हणाला, "वहिनी, पडलं म्हणाली असतीस तर चाललं असतं."

"चाललं असतं," मी म्हटले. "म्हणूनच नाही म्हटलं."

डेरेकने महिन्याभराने अक्काला पत्र पाठवले. क्षमेचे होते. मी तिला मराठीत वाचून दाखवले. ऐकून तिने एवढेच विचारले, "याची आई आहे का गं?" मधुकरने तो किस्सा तिकडच्या गच्चीवरच्या मेजवान्यांत सांगायला सुरुवात केली. 'नदीतला गोल्फ' फार गाजतो, असे त्याने पुढच्या सुट्टीत आम्हाला सांगितले. किस्स्यात मडके होते. कोणाचे, ते नव्हते.

त्यानंतर अक्काने त्याला आखाजीला बोलावले नाही. रागाने नव्हे. घागर दर वर्षी कुसुम भरत होती, आणि भरलेल्या जागेसाठी कोणी पत्र लिहीत नाही. पुढे अक्का थकली तशी कुसुमने तिला धुळ्याला नेले. तिथेच ती गेली. तेव्हा मधुकरची नोकरी सुटलेली होती. तिकडे तरुण माणसे आली होती, कॉम्प्युटर आले होते, आणि ज्यांच्या कुत्र्यांची नावे त्याला पाठ होती ती माणसे आपापल्या देशांना परतली होती. तो पुण्याला फ्लॅट घेऊन राहत होता.

अक्काच्या पहिल्या आखाजीला आम्ही धुळ्याला गेलो. मधुकर दोन दिवस आधीच येऊन राहिला होता. कोणी बोलावले नव्हते. बरोबर एक लहान पिशवी होती, बस्स. सकाळी सहाला आंघोळ करून, सोवळे नेसून तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. अंगाची कातडी सैल झाली होती. कुसुम पुरण वाटत होती. तिने वर पाहिले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. तिच्यापुढे काम होते, इतकेच.

"दादा, तू बाहेर बस," ती म्हणाली. "झालं की हाक मारते."

तो व्हरांड्यात खुर्चीवर जाऊन बसला. येणारे जाणारे कुसुमच्या यजमानांना विचारत, हे कोण? ते सांगत, कुसुमचे भाऊ, बाहेरगावी असतात. आत घागर भरली जात होती, तिचे पाणी पडताना ऐकू येत होते. मी दारात उभी होते. आत बोलवावे का, हे ठरवणे माझ्याकडे नव्हते, आणि असते तरी मी काय केले असते ते मला माहीत आहे.

ऊन व्हरांड्यात चढू लागले. त्याच्या पायांवर आले तेव्हा त्याने खुर्ची थोडी मागे घेतली. ऊन पुन्हा पायांवर आले. त्याने पुन्हा मागे घेतली. असे तीन-चार वेळा झाले. मग मागे भिंत आली, आणि तो पाय वर घेऊन बसला.